एका वेळी एकच नेम

रक्ततपासणीचा अहवाल येतो. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा एचबीएवनसी ६.१ निघतो आणि डॉक्टर म्हणतात, ‘अजून डायबिटीस नाही, पण बॉर्डरवर आहात. खाण्याकडे लक्ष द्या, चालायला लागा.’ त्याच संध्याकाळी घर ढवळून निघतं. चहातली साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, तळण बंद. ज्वारी दळून येते, मेथीदाणे भिजत पडतात, नवे बूट घेतले जातात, पहाटे साडेपाचचा गजर लावला जातो. पहिला आठवडा उत्साहात जातो. दुसऱ्या आठवड्यात नात्यातलं लग्न निघतं, तिसऱ्यात ऑफिसात मार्चअखेर येते, आणि महिना उलटायच्या आत सगळं पूर्वीच्या वळणावर जातं. ‘आपल्याच्यानं हे होत नाही’ एवढा एक समज मात्र मनात पक्का होऊन बसतो. पुढच्या तपासणीला डॉक्टर तेच सांगतात, तेव्हा माणूस ऐकून घेतो आणि सोडून देतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले सुमारे १३ कोटी ६० लाख. एवढ्या माणसांची इच्छाशक्ती दुबळी आहे असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. एका दिवसात सात-आठ गोष्टी बदलायला घेतल्या, तिथेच हा बेत बहुतेक वेळा फसतो.

कारण आपला बराचसा दिवस आपण विचार न करता जगतो. वेंडी वूड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना दर तासाला सूचना मिळे आणि त्या क्षणी आपण काय करतोय, मनात काय चाललंय, हे ते वहीत लिहीत. त्यांची सुमारे ४३ टक्के कामं जवळजवळ रोज, त्याच जागी आणि मन दुसरीकडे असताना होत होती. दात घासताना आपण मीटिंगचा विचार करतो, चहा उकळताना मुलांच्या फीचा. हे आळसाचं लक्षण नाही, मेंदू काटकसर करत असतो. एमआयटीतल्या ॲन ग्रेबिएल यांनी चक्रव्यूहात धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूतला, बेसल गँग्लिया नावाच्या भागातला व्यवहार नोंदला. रस्ता नवा होता तेव्हा तिथल्या पेशी संपूर्ण धावेत कामाला लागलेल्या दिसल्या. रस्ता अंगवळणी पडल्यावर त्या मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटाला जाग्या होऊ लागल्या. मधला भाग एका गठ्ठ्यासारखा आपोआप पार पडत होता.

नवी गोष्ट जोवर अशी गठ्ठ्यात जात नाही, तोवर ती लक्ष मागते. आठवण ठेवावी लागते, मोह टाळावा लागतो, घरातल्यांना समजावावं लागतं. असं एक काम दिवसाकाठी जमतं. आठ कामं पहाटेपासून रात्रीपर्यंत एकसारखं लक्ष मागू लागली, तर नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या माणसाकडे तेवढं लक्ष उरलेलंच नसतं.

मग एक सवय लागायला लागतात तरी किती दिवस? एकवीस, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या न्यूयॉर्कमधल्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपला वाटायला रुग्णांना कमीत कमी एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘कमीत कमी’ पुढे गळालं, आणि चेहऱ्याची गोष्ट व्यायामाला नि आहाराला चिकटली.

प्रत्यक्ष मोजमाप केलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९६ जण होते. प्रत्येकाने एकच साधी गोष्ट निवडायची आणि ती रोजच्या एका ठरलेल्या प्रसंगाला जोडायची होती. कुणी दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ ठरवलं, कुणी न्याहारीनंतर पेलाभर पाणी, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावणं. ८४ दिवस रोज नोंद करायची: आज केलं का, आणि किती सहज झालं? ज्यांच्या नोंदींतून नीट आलेख निघाला, त्यांच्यात गोष्ट जवळपास आपोआप होऊ लागायला लागलेल्या काळाचा मध्य निघाला ६६ दिवस. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा आलेख पुढे वाढवून पाहिला तेव्हा २५४ दिवसांचा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर रुजली, व्यायामाला साधारण दीडपट वेळ लागला.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला ६६ या आकड्याहून मोलाची वाटते. मधे एखादा दिवस चुकला तर सवय रुजण्यावर त्याचा जाणवण्याजोगा परिणाम झाला नाही. दुसऱ्या दिवशी माणूस जिथे होता तिथूनच पुढे गेला. ‘काल मोडलंच, आता कशाला’ असं म्हणून सोडून देणाऱ्या असंख्य लोकांपर्यंत ही एवढी एक ओळ पोचायला हवी.

महाराष्ट्रात याला जवळची एक रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती म्हणजे चातुर्मासाचा नेम. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत, साधारण चार महिने. कुणी कांदा-लसूण आणि वांगं वर्ज्य करतं, म्हणून तर त्याआधी कांदेनवमीला भजी आणि भरीत पोटभर खाऊन घेतात. कुणी जेवताना मौन धरतं, कुणी एकभुक्त राहतं, कुणी रोज एक अध्याय वाचतं. या नेमाच्या मागे श्रद्धा आहे, आरोग्याचा हिशेब त्यात क्वचितच असतो. तरी त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. बहुतेक जण एकच नेम धरतात. तो इतका स्पष्ट असतो की पाळला की मोडला याबद्दल संशय राहत नाही. ‘कमी खाईन’ असा नेम कुणी धरत नाही. ‘वांगं खाणार नाही’ असा धरतात. तो जेवणासारख्या रोजच्या प्रसंगाला जोडलेला असतो. घरातल्यांना तो ठाऊक असतो, त्यामुळे आजीच्या ताटात कांद्याची भजी कुणी वाढत नाही. आणि मुदत असते सुमारे १२० दिवसांची, म्हणजे लंडनच्या त्या मध्याच्या जवळजवळ दुप्पट.

फरकही आहे, आणि तो लक्षात ठेवायला हवा. नेमाची सांगता होते. कार्तिकी एकादशीनंतर तो सोडायचाच असतो, आणि तो पाळताना पडणाऱ्या कष्टांनाच त्यात किंमत असते. आरोग्याच्या सवयीत उलट, कष्ट कमी कमी होत जाणं हेच यश. चार महिन्यांनी ती सोडायची नसते. ती आपली आपण चालू लागली की दुसरी हाती घ्यायची असते.

सवय कशाला जोडायची, यावर पुष्कळ अवलंबून असतं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की ‘मी व्यायाम करणार’ या निश्चयापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करणार’ हा निश्चय कितीतरी जास्त वेळा पार पडतो. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात, ज्यांनी कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहून दिलं, त्यांच्यातल्या सुमारे ९१ टक्के जणांनी पुढच्या आठवड्यात तो केला. ज्यांना फक्त व्यायामाचे फायदे वाचायला दिले, त्यांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्याही खाली राहिलं. माझं मत विचाराल तर घड्याळाच्या वेळेपेक्षा घडणारा प्रसंग बरा. ‘साडेनऊ वाजता’ हे विसरतं, कारण साडेनऊला आपण मालिका पाहत असतो किंवा फोनवर असतो. ‘जेवलेलं ताट मोरीत ठेवलं की’ हे विसरत नाही, कारण ताट रोज ठेवावंच लागतं.

आपल्याकडची शतपावली अशीच जेवणाला जोडलेली होती. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये टाइप टू मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर केलेला एक प्रयोग इथे सांगायला हवा. रुग्णांनी काही दिवस रोज अर्धा तास, सोयीच्या वेळी चालायचं. काही दिवस तोच अर्धा तास तीन भागांत वाटून प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चालायचं. दुसऱ्या पद्धतीत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी, कारण पिष्टमय पदार्थ त्याच जेवणात सर्वांत जास्त होते आणि त्यानंतर ही माणसं बसून राहत. ही सवय बहुतेक मराठी घरांतली आहे: साडेनऊला भात-आमटी, आणि मग सोफा. चालताना पायांचे मोठे स्नायू आकुंचन पावतात आणि इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतात. दहा मिनिटांत हजारेक पावलं होतात. त्याला बूट लागत नाहीत, गजर लागत नाही. पाऊस असेल तर इमारतीचा पार्किंगचा मजला, तोही नसेल तर घरातल्या घरात फेऱ्या. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसाला पहिला एकच बदल सुचवायचा झाला, तर मी पहाटेच्या पाच किलोमीटरऐवजी हा सुचवीन.

इथे एक रास्त आक्षेप येतो. मोठ्या अभ्यासांत तर आहार आणि व्यायाम एकदमच बदलले होते ना? हो. अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, दोन्ही मिळून मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली ५३१ जणांवर झालेल्या भारतीय अभ्यासात, सुमारे तीन वर्षांत, काहीच न करणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला आणि जीवनशैली बदलणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना. हे यश निर्विवाद आहे. पण अमेरिकेत प्रत्येकाच्या पाठीशी एक प्रशिक्षित मार्गदर्शक होता, पहिल्या २४ आठवड्यांत १६ धडे एकामागून एक शिकवले जात होते. चेन्नईतही सहभागी माणसांशी सतत संपर्क ठेवला होता. आपल्या घरी हे काम कोण करतं? बहुतेक वेळा बायको किंवा आई. नवऱ्याची साखर वाढली की त्याच्यासाठी वेगळी भाकरी, मुलांसाठी पोळी, सासऱ्यांसाठी मऊ भात, असे तीन स्वयंपाक एकाच बाईच्या अंगावर पडतात, आणि बेत फसला की दोषही तिलाच येतो. एका वेळी एक बदल हा तिच्या दृष्टीनेही न्याय आहे. शतपावली ज्याची त्याने करायची असते.

जुन्या सवयींचं काय? त्या पुसल्या जात नाहीत, प्रसंग समोर आला की जाग्या होतात. वूड आणि डेव्हिड नील यांनी २०११ मध्ये चित्रपटगृहात प्रेक्षकांना पॉपकॉर्न वाटले, काहींना ताजे, काहींना सात दिवसांचे शिळे. ज्यांना सिनेमात पॉपकॉर्न खायची सवय होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले, चव आवडली नाही असं सांगूनसुद्धा. मीटिंगच्या खोलीत दिले तेव्हा मात्र शिळे बाजूला राहिले. आणखी एक गंमत त्यांनी पाहिली: चित्रपटगृहातच लोकांना नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं, तर पुन्हा शिळे पॉपकॉर्न कमी खाल्ले गेले. टीव्हीसमोरचा फरसाणाचा डबा असाच काम करतो. तो डबा माळ्यावर गेला आणि स्टूल घेतल्याशिवाय हाती लागेनासा झाला, तर निश्चयाचा अर्धा भार हलका होतो.

हळूहळू हा नियम सगळीकडे चालत नाही, हे इथेच स्पष्ट सांगतो. तंबाखूला तो लागू नाही. ब्रिटनमध्ये ६९७ धूम्रपान करणाऱ्यांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ठरल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनी तंबाखूमुक्त होते आणि दोन आठवडे कमी कमी करत सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. सहा महिन्यांनीही एकदम सोडणारेच पुढे होते. दोन्ही गटांना निकोटिनचे पॅच आणि समुपदेशन मिळत होतं, हेही महत्त्वाचं. मिश्री, मळलेली तंबाखू, गुटखा यांसाठी तारीख ठरवा आणि सोडा. मदतीला १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. दारूचं व्यसन जडलेल्या माणसाने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकाएकी बंद करू नये, कारण अचानक तोडल्याने झटके येऊ शकतात आणि जीवही धोक्यात येऊ शकतो.

हळूहळू बदल करण्याचा सर्वांत मोठा फायदा जिथे होतो, ती जागा आपल्या स्वयंपाकघरात ओट्याजवळच आहे: मीठ.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा नाही. भारतीयांचं सरासरी सेवन २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ८ ग्रॅम आढळलं. जास्त मिठाने रक्तदाब वाढतो, आणि रक्तदाबाबरोबर पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा धोका. हे सगळ्यांना माहीत असतं. तरी रक्तदाब निघाला की घरात एकदम अळणी जेवण सुरू होतं आणि चारच दिवसांत ताटाच्या कडेला मीठ परत येतं.

ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. तिथे मीठ मुख्यतः पाव, सॉस, तयार खाद्यपदार्थ यांतून पोटात जातं. २००३ पासून सरकारी अन्न संस्थेने उत्पादकांना थोडं थोडं मीठ कमी करायला लावलं. दशकभरात पावातलं मीठ सुमारे २० टक्क्यांनी उतरलं आणि माणशी सेवन दिवसाला ९.५ ग्रॅमवरून २०११ पर्यंत ८.१ ग्रॅमवर आलं. चव बिघडल्याची ओरड झाली नाही, कारण प्रत्येक पायरी जिभेला कळू नये इतकी लहान होती. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात तर सहा आठवड्यांत पावातलं मीठ पाव हिश्श्याने कमी केलं, आठवड्याला जरा जरा, आणि खाणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. पुढची गोष्ट जास्त आशादायक आहे. कमी मिठाचा आहार काही महिने घेतला की जिभेची आवडच बदलते. पूर्वी बेताचं वाटणारं सूप खारट लागायला लागतं.

आपल्याकडे मीठ कारखान्यात कमी आणि घरी जास्त पडतं. म्हणजे ब्रिटनमध्ये जे काम बेकरीवाल्यांनी केलं, ते इथे स्वयंपाक करणाऱ्या हातात आहे. अडचण एवढीच की आपण मीठ चिमटीने, अंदाजाने घालतो, आणि अंदाज कमी करता येत नाही. म्हणून पहिला बदल मोजण्याचा: मिठाच्या बरणीत एक लहान चमचा कायमचा ठेवायचा आणि त्यानेच मीठ घालायचं. ते अंगवळणी पडलं की भातातलं मीठ बंद. आमटी कालवल्यावर ते कुणाला जाणवतही नाही. मग कणकेतलं. आमटी-भाजीतलं त्यानंतर, दर दोन-तीन आठवड्यांनी चमच्याचा लहानसा हिस्सा. पापड, लोणचं, सांडगी मिरची एकाच जेवणात नकोत, तिन्हींपैकी एक पुरे. जेवणाच्या टेबलावरचं मीठ उचलून ओट्यावर ठेवायचं. लिंबू, कोकम, आमसूल, भाजलेलं जिरं, कोथिंबीर हे सगळं मिठाची उणीव भरून काढायला आपल्याकडे आधीपासून आहेच.

बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं. निरोगी माणसाला ते चालतं. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. आणि कोणतीही सवय बदलली म्हणून चालू गोळ्या आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत.

घरात मीठ किती जातं हे कळायला लघवीची तपासणी लागत नाही. चार मोठ्या माणसांच्या घरात माणशी ५ ग्रॅम धरलं तर दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोचं पाकीट ५० दिवस पुरायला हवं. लोणची-पापडातलं मीठ याशिवाय असतं, तेव्हा खरं तर त्याहून जास्तच. महिन्याभरात पाकीट संपत असेल तर माणशी ८ ग्रॅम झाले. पुढचं पाकीट फोडाल तेव्हा त्यावर पेनाने तारीख लिहा, आणि ते संपेल त्या दिवशी किती दिवस पुरलं ते मोजा. घरात इतर सगळं आहे तसं चालू द्या. येते तीन महिने एवढं एकच करा.